बदली

सियागंजात हकीमुद्दीनच्या गोदामात
पितळ किलोवर मिळतं:
नळाच्या तोट्या, समयांचे पाय, फुटके बंब,
आणि क्वचित, अगदी तळाशी,
रुपयाहून जरा मोठा एखादा बिल्ला.
वर मिलचं नाव, खाली आकडा, कडेला भोक.
"भिया, इसका करोगे क्या?" तो दर वेळी विचारतो
आणि तोट्यांच्याच भावानं देतो.

बत्तीस वर्षं मी वजनमापं खात्यात होतो.
अजूनही आधी तोलतो, मग बघतो.
अकरा ग्रॅम. अकरा पूर्णांक दोन.
लढाईच्या तिसऱ्या सालापासूनचे हलके, नऊवर आलेले.
पितळ काडतुसांकडे गेलं असणार.
असे एकशे एकेचाळीस आहेत,
बिस्किटांच्या डब्यांत, कापसाच्या थरावर.
एकाच्या पाठीवर खिळ्यानं ओढलेल्या सात रेघा.
पाळ्या असतील, पोरं असतील, उधारी असेल.

वही आहे. नंबर, खातं, वजन, कुठून मिळाला,
आणि शेवटचा रकाना नावाचा.
तो बहुतेक कोरा.

गेल्या पौषात परदेशीपुऱ्याहून द्रौपदाबाई निकम आल्या,
नातवाच्या स्कूटरवर, कानाला मफलर बांधून.
"बावीसशे चौसष्ट," दारातच म्हणाल्या. "साचाखातं."
मला झाकण उघडायला जास्त वेळ लागला.

होता. आणि नावासकट होता:
रामअधार, वल्द शिवबालक,
एका वाळवी लागलेल्या पगारपत्रकातून उतरवलेलं.
मी जरा ऐटीतच वही पुढे केली.
"बिल्ला हाच," त्या म्हणाल्या. "माणूस हा नव्हे."

रामअधार आईच्या मातीला मुलखात गेला,
तिकडूनच पलटणीत भरती झाला.
जॉबरनं त्याचा बिल्ला उचलून
नामाजी इंगळ्यांच्या सदऱ्याला टोचला.
रुपयामागे दोन आणे जॉबरचे.
तीन वर्षं नामाजींनी खाकी ड्रिलचे तागे विणले
दुसऱ्याच्या नावानं.
अंगठा तेवढा स्वतःचा.

"डबा मी न्यायची. सात वर्षांची.
आईनं पढवून ठेवलेलं,
फाटकाशी बाबा म्हणायचं नाही.
रामअधारचा डबा, एवढंच बोलायचं.
ते यायचे, बघायचे नाहीत माझ्याकडे,
डबा घ्यायचे, पाठ फिरवायचे.
एकदा तोंडातून गेलं माझ्या..."
चहावर साय धरली होती.
ती त्यांनी बोटानं कडेला लावली
आणि पुढचं सांगितलं नाही.

मी म्हटलं, घेऊन जा, तुमचाच आहे.
"छे. आणि त्या रामअधारचं कुणी आलं तर?"
मग बिल्ला उजेडाला धरून:
"चिंच लावून घासत का नाही हो?"
मी सांगू लागलो, जुनं पितळ घासत नसतात,
काळपटपणा हीच त्याची किंमत,
तोवर पदराच्या टोकानं त्यांनी
आकडा लख्ख करून टाकला होता.
एवढाच. मिलचं नाव तसंच काळं ठेवलं.

त्या गेल्यावर तोलला.
काटा हलला नाही.

नावाचा रकाना अरुंद.
रामअधार खोडवेना, नामाजी मावेना.
शेवटी 'कुठून मिळाला' मध्ये लिहिलं:
नामाजी इंगळे यांच्याकडून.
मग उरलेली नावं वाचत बसलो,
सोळा होती, मोठ्या मेहनतीनं मिळवलेली,
आणि एकाचाही भरवसा वाटेना.

परवा हकीमुद्दीनचा फोन आला.
नवं पोतं उतरलंय.
उपसून बघितलं नाही म्हणाला,
वरवर तरी सगळी कुलपंच दिसतात.